भरदुपारी हेडलाइट

(जळगाव-धुळे रस्ता. एरंडोल मागे पडलं आहे. सकाळचे अकरा. गाडी गिरधर चालवताहेत. शेजारी त्यांच्या विहीणबाई, पिंपळनेरच्या प्रमिलाबाई. मागच्या सीटवर मेघा : प्रमिलाबाईंची लेक आणि गिरधर यांची सून. गाडीमागे जोडलेली एक लहान, बंद ट्रॉली.)

प्रमिलाबाई : पण भाऊ, काटा खालीच चाललाय ना?

गिरधर : काटा नाही विहीणबाई, मागच्या बॅटरीच्या व्होल्टचा आकडा आहे तो. आणि आकडा थोडा खालीवर होतच असतो.

मेघा : वर कधी झाला, नाना? आपलं वरणगाव सोडलं तेव्हा बारा पॉइंट सात होता. जळगावला साडेबारा. आता बारा पॉइंट दोन. मी मोबाइलमध्ये लिहून ठेवलंय.

गिरधर : तू मागे बसून हे करतेस? मला वाटलं, व्हिडिओ बघतेस.

मेघा : व्हिडिओपेक्षा यात जास्त धाकधूक आहे.

प्रमिलाबाई : मला त्या आकड्यातलं कळत नाही. मला एवढंच सांगा, पिंपळनेरपर्यंत पेटी गरम राहील ना? आज विसावा दिवस आहे. उद्या पिल्लं.

गिरधर : राहील म्हणजे? सगळा विचार करूनच केलंय मी. मागे ट्रॉलीत बॅटरी. बॅटरीवर इन्व्हर्टर. इन्व्हर्टरवर तुमची अंड्यांची पेटी. आणि बॅटरी भरायची कुणी? आपल्या गाडीने. आपण जसजसे पुढे जाऊ, तसतशी मागची बॅटरी भरत जाईल. पिंपळनेरला पोचलो की टम्म!

मेघा : पण ती रिकामी होत चाललीय.

गिरधर : भरायच्या आधी थोडी होते.

मेघा : काहीही काय, नाना!

प्रमिलाबाई : मेघा, सासऱ्याशी असं बोलू नये.

मेघा : तू पाच दिवस आमच्याकडे राहिलीस, माय. रोज असंच बोलतो आम्ही. कालपर्यंत हसत होतीस.

प्रमिलाबाई : काल पेटी घरात होती, भिंतीवरच्या बटणावर. काल हसायला काय जात होतं?

गिरधर : विहीणबाई, त्या पाच दिवसांचं मनावर घेऊ नका. लेकीच्या घरी इतकं राहावं लागलं म्हणून तुम्ही रोज संकोचत होता, ते मला दिसत होतं. पण ट्रॉली तयार नव्हती. कच्चं काम मी बाहेर पाठवत नाही.

मेघा : माय, नानांनी ट्रॉलीचं इन्स्पेक्शन तीनदा केलं. तिन्ही वेळा स्वतःलाच नापास केलं.

गिरधर : छत्तीस वर्षं दारूगोळ्याच्या फॅक्टरीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला काढली आहेत. तिथे 'चालेल' हा शब्द चालत नव्हता.

प्रमिलाबाई : तुमचं काम चांगलंच आहे, भाऊ. जुन्या फ्रिजच्या कपाटातून तुम्ही अशी पेटी केली की अंडी ठेवून कोंबडीसुद्धा निवांत फिरायला जाईल. पण माझी अडचण वेगळी आहे. तुमच्या घरी निघाली असती पिल्लं तरी माझं भागलं नसतं. ती बायांच्या डोळ्यांसमोर निघायला पाहिजेत.

गिरधर : ते का बुवा? पिल्लू ते पिल्लू.

प्रमिलाबाई : तुम्हाला सांगितलं नाही मी. लाज वाटली. आमच्या गटात बावीस बाया. एकेकीने घरच्या कोंबडीची अंडी दिली, एकशे चाळीस. पण त्यातली कोकिळा म्हणते, "पेटीत कुठे पिल्लू होतं का? प्रमिला बाजारातून पिल्लं आणील आणि म्हणेल मशीनची." मग सगळ्यांनी आपापल्या अंड्यावर काजळाने खूण केली आणि मगच मी ती तुमच्या पेटीसाठी वरणगावला धाडली. कोणाची रेघ, कोणाचं फूल, कोणाचे तीन ठिपके. खूण केलेलं अंडं आमच्या समोर फुटलं तर मानू, म्हणाल्या.

गिरधर : आणि नाही फुटलं तर?

प्रमिलाबाई : तर सगळ्या आपापल्या टोपलीत कोंबडी बसवतील आणि घरी बसतील. गट मोडला. चार वर्षं दारोदार फिरून जमवलाय तो मी. माझ्या शब्दावर त्यांनी घरातली अंडी काढून दिली, भाऊ. पोरांच्या तोंडची.

मेघा : बारा पॉइंट एक.

प्रमिलाबाई : हाई काय व्हई राहिनं व माय!

मेघा : नाना, माय अहिराणीत आली. म्हणजे आता खरी घाबरली. गाडी बाजूला घ्या.

गिरधर : पारोळा येऊ दे. तिथे झाडाखाली बघू.

मेघा : आत्ता घ्या. हे काय बाभळीचं झाड आहे.

गिरधर : इंजिन चालूच ठेवतो. बॉनेट उघडतो. मीटर दे माझा. ती निळी पिशवी. हां. आता वायर बघ, वेल्डिंगची केबल टाकलीय मी, अंगठ्याएवढी. लोक पातळ वायर टाकतात, मग वीज वाटेतच जिरते. आपल्यात तो प्रकार नाही. जोड घट्ट, फ्यूज शाबूत. वायर पास!

मेघा : वायर पासच आहे. आता पुढच्या बॅटरीला मीटर लावा.

गिरधर : साडेबारा.

मेघा : इंजिन चालू असताना?

गिरधर : हो, इंजिन चालूच आहे.

मेघा : किती हवेत, नाना?

गिरधर : चौदा हवेत.

मेघा : आणि तुम्ही मध्ये तो आपोआपचा स्विच बसवलाय ना? पुढे तेराच्या वर वीज असली तरच मागे सोडणारा?

गिरधर : म्हणजे काय! नाहीतर ट्रॉली पुढच्या बॅटरीलाही खाली बसवेल. सुरक्षेसाठीच आहे तो.

मेघा : पुढे साडेबाराच आहेत. मग तो मागे काय सोडणार? वरणगावपासून एक थेंब गेला नाही मागे.

गिरधर : डायनॅमो बिघडलाय. नवी गाडी आणि डायनॅमो बिघडलाय!

मेघा : बिघडलेला नाही. विसावा घेतोय. या नव्या गाड्यांत असंच असतं. गाडीची स्वतःची बॅटरी भरली की डायनॅमोला सांगतात, बाबा, आता दम खा, डिझेल वाचव. आमच्या सर्व्हिस सेंटरला रोज एक तरी माणूस येऊन हीच तक्रार लिहून देतो.

गिरधर : तू काउंटरवर बसतेस. तक्रारी लिहून घेतेस.

मेघा : लिहून लिहूनच शिकले ना. सांगत होते मी परवा. तुम्ही म्हणालात, "पोरी, डायनॅमो फिरला की वीज होते, हे मी तुझ्या जन्माच्या आधीपासून बघतोय."

प्रमिलाबाई : थांबा दोघं. माले समजनं. घरना मानूस जेवी लिना, तशी त्यानी चूल विझाडी टाकी. मांगे पाव्हना उपाशी बठेल शे, हाई त्याले ठाऊकच नही.

मेघा : माय, माझ्या साहेबांनाही इतकं नीट सांगता येत नाही!

प्रमिलाबाई : मंग घरना मानूसले परत भूक लावनी पडी.

मेघा : अगदी तेच करायचं. गाडीत जे जे वीज खाणारं आहे ते सगळं लावायचं. हेडलाइट, मोठा पंखा, मागच्या काचेची गरम पट्टी. मग डायनॅमोला उठावंच लागतं. नाना, लावा.

गिरधर : दिवसाढवळ्या हेडलाइट?

मेघा : लावा हो.

गिरधर : लावली. पंखाही लावला. यात काही... थांब. मीटर... तेरा. तेरा पॉइंट सहा. चौदा पॉइंट एक!

मेघा : आणि मागे?

गिरधर : स्विच टक् करून लागला. ऐकलंस? मागे तेरा पॉइंट आठ. विहीणबाई, पाहुणा जेवायला बसला!

प्रमिलाबाई : सुखी राहा रे बाबा. चला आता. बसा.

मेघा : "मेघा, तुझं बरोबर होतं" असं कोणी म्हणालं का? मला ऐकू आलं नाही.

गिरधर : गाडीचा आवाज फार आहे.

प्रमिलाबाई : भाऊ, समोरचा माणूस हात करतोय. ओळखीचा का?

गिरधर : नाही. मूठ उघडझाप करतोय ना? हेडलाइट चालू आहे, असं सांगतोय. चांगला माणूस.

प्रमिलाबाई : हा ट्रकवालाही सांगतोय. तो मोटरसायकलवालापण. मानसं हात कसाले हालाडी राहिनात इतली! बठ्ठा रस्ताच चांगला मानसांचा दिसतोय.

मेघा : नाना, तेरा पॉइंट आठचे बारा पॉइंट सहा झाले!

गिरधर : अरेच्चा.

मेघा : लाइट बंद केलीत तुम्ही!

गिरधर : मी? नाही. मी कशाला... हो, बंदच आहे. अगं, हात गेला. चाळीस वर्षं कोणी मूठ दाखवली की हात आपोआप जातो. त्याने बिचाऱ्याने स्टिअरिंग सोडून सांगितलं, आपण ऐकायचं नाही म्हणजे कसंसंच वाटतं.

मेघा : लावा पुन्हा.

प्रमिलाबाई : तुम्ही समोर बघूच नका. म्हणजे रस्ता बघा, माणसं बघू नका. माणसांचं मी बघते. मी सगळ्यांना नमस्कार करते, म्हणजे त्यांचाही मान राहील आणि तुमचा हातही जागेवर राहील.

गिरधर : हे चालेल.

मेघा : 'चालेल' म्हणालात, नाना! लिहून ठेवते.

प्रमिलाबाई : राम राम! ... राम राम, भाऊ! ... हो हो, माहीत आहे, चालूच ठेवलीय! ... अहो, तो एसटीचा ड्रायव्हर हसला बघा. ... राम राम! मेघा, निवडणुकीला उभं राहिल्यासारखं वाटतंय मला.

मेघा : उभी राहिलीस तर पारोळ्याचं मत पक्कं आहे.

प्रमिलाबाई : किती आहे आता?

मेघा : तेरा पॉइंट नऊ. पेटीत साडेसदतीस डिग्री. अगदी कोंबडीच्या पोटाखाली.

प्रमिलाबाई : मग मी डोळे मिटते थोडे. रात्रभर उठून उठून पेटी बघत होते. भाऊ, तुमच्या घरचं म्हणेल कोणी, विहीण आली आणि फ्रिजपाशी झोपली.

गिरधर : झोपा निवांत. धुळं आलं की चहाला उठवतो.

मेघा : मीही कानात गाणी लावते. आकडा आता चांगलाच आहे.

(बऱ्याच वेळाने.)

मेघा : नाना. नाना! ही पिपाणी कसली वाजतेय?

गिरधर : कुठे?

मेघा : मागून. ट्रॉलीतून. इन्व्हर्टरची आहे ही! आकडा कुठे आहे... दहा पॉइंट सहा! माय, ऊठ. धुळं कधी गेलं?

गिरधर : धुळं मागे पडून अर्धा तास झाला. तुम्ही दोघी झोपला होतात, उठवावंसं वाटलं नाही. चहा साक्रीला घेऊ म्हटलं.

मेघा : पण लाइट? लाइट तर... बंद आहे.

प्रमिलाबाई : काय व्हयनं? काय व्हयनं, मेघा?

मेघा : पिपाणी थांबली. माय, पेटी बंद पडली.

प्रमिलाबाई : भाऊ, थांबवा गाडी.

गिरधर : थांबवली. मेघा, लाइट लावली बघ. पंखा लावला. चौदा येतील आत्ता. येतील.

मेघा : नाना, तुमचा हात पुन्हा गेला?

गिरधर : हात नाही गेला. मीच बंद केली.

मेघा : तुम्ही?

गिरधर : धुळ्याच्या चौकात पोलीस होता. त्याने मूठ दाखवली. मी तशीच ठेवली, तर त्याने हसून शेजारच्याला काहीतरी सांगितलं. दोघं हसले. मला वाटलं, या वयात लोक म्हणणार, म्हाताऱ्याला दिवसरात्र कळत नाही. बंद केली. पुढे गेल्यावर लावू म्हटलं. मग वाटलं, इतका वेळ भरली आहे, एवढ्यात काय होतंय. तुझं खरं होतं हे मला पारोळ्यालाच कळलं होतं. पण आतून पटवून घ्यायला जड जात होतं. म्हटलं, लाइटशिवायही आकडा टिकतो का बघू. टिकला तर माझंही थोडं बरोबर.

मेघा : नाना...

गिरधर : विहीणबाई, चुकलं माझं. तुमची चार वर्षं मागे बसलेली होती आणि मी त्या पोलिसाच्या हसण्याचा विचार करत बसलो. मला फार वाईट वाटतंय.

प्रमिलाबाई : किती वेळ बंद आहे पेटी?

मेघा : पाच मिनिटं झाली. छत्तीस पॉइंट चार डिग्री.

प्रमिलाबाई : झाकण उघडलं?

मेघा : नाही.

प्रमिलाबाई : उघडू नको. माझी शाल घे, त्या पेटीवर टाक. भाऊ, तुमचा स्वेटर आहे ना डिकीत? तोही टाका. आणि असं तोंड पाडून उभे राहू नका. कोंबडी बी उठस की. दाना खास, पानी पेस, इकडेतिकडे फिरस, मंग परत येईसन बठस. तितलामा अंडास्ले काय बी व्हत नही.

गिरधर : खरं सांगता? की माझं मन राखता?

प्रमिलाबाई : माझ्या अंड्यांचा प्रश्न असता तुमचं मन कशाला राखू?

मेघा : तेरा पॉइंट सात! स्विच लागला. इन्व्हर्टर... इन्व्हर्टर लागला! पेटीतला दिवा पेटला, माय.

प्रमिलाबाई : आते इथं थांबा दहा मिनिटं. गरम होऊ द्या. मग निघू.

गिरधर : मेघा.

मेघा : काय?

गिरधर : पारोळ्याला गाडीचा आवाज फार होता. तुझं बरोबर होतं.

मेघा : असू द्या हो, नाना. तुमची केबल नसती तर हे परत इतक्या लवकर भरलं असतं का?

गिरधर : ते मात्र आहे. अंगठ्याएवढी आहे.

प्रमिलाबाई : झालं यांचं सुरू.

मेघा : सदतीस. ... सदतीस पॉइंट तीन. निघू या?

प्रमिलाबाई : थांबा. बोलू नका कोणी.

मेघा : काय?

प्रमिलाबाई : बोलू नका म्हटलं ना. काचेला कान लाव. पेटीच्या.

मेघा : पेटीतल्या पंख्याचा आवाज येतोय फक्त.

प्रमिलाबाई : पंख्याच्या खाली. बारीक.

मेघा : ... अगं बाई!

प्रमिलाबाई : आला ना? टॉर्च मार मोबाइलची. ते बघ, दुसऱ्या रांगेत. अंड्याला टोचा पडलाय. ती बारीक भेग दिसते का?

मेघा : दिसतेय! हलतंय, माय! पण मग पिल्लू आत्ताच बाहेर येणार? बायांनी पाहायच्या आधीच?

प्रमिलाबाई : नाही गं. टोचा मारतं, मग दमतं, आत पडून राहतं. असं करत करत रात्र काढतं. पहाटे निघेल पहिलं. बावीस बाया पेटीला टेकून बसतील रात्रभर, कोकिळा सगळ्यात पुढे. वाचलो, पोरी. माझा शब्द वाचला!

मेघा : माय, तू रडतेस?

प्रमिलाबाई : रडू दे मला. भाऊ, तिकडे काय उभे? या, ऐका तुमच्या पेटीतलं.

गिरधर : माझा कान आता तेवढा चालत नाही.

प्रमिलाबाई : या तर खरे. इथं. अजून खाली वाका.

गिरधर : ... हं. ... हो. ... आला. अगदी नखाएवढा आवाज आहे.

मेघा : नाना?

गिरधर : काही नाही. छत्तीस वर्षं फॅक्टरीत आमचं एकच मागणं असायचं, आपल्या मालाचा आवाज आपल्यासमोर होऊ नये. शिफ्ट शांततेत संपली की देवाला हात जोडायचे आणि घरी यायचं. मी केलेल्या वस्तूतून आवाज आला आणि मला आनंद झाला, असं आज पहिल्यांदा होतंय.

प्रमिलाबाई : पुसा ते डोळे. मी रडले ते चालतं, मी आई आहे अंड्यांची.

गिरधर : मेघा, ही घे चावी.

मेघा : मी चालवू? ट्रॉलीसकट? तुम्ही तर म्हणाला होतात की ट्रॉली जोडलेली असताना दुसऱ्या कोणाला...

गिरधर : म्हणालो होतो. आता चालव. कोणी मूठ दाखवली तर तुझा हात जाणार नाही. मी मागे बसतो. आणि एक काम कर. विहीणबाईंचा फोन त्या पेटीवर ठेव, आणि माझ्या फोनवरून त्याला लाव. स्पीकर चालू करून दे मला.

मेघा : गाडीच्या खडखडाटात काय ऐकू येणार, नाना?

गिरधर : नाही आलं तर नाही आलं. मी कान लावून बसतो.

मेघा : ठेवला फोन. शाल तशीच आहे. ट्रॉलीचं दार लावलं, कडी बघितली. हेडलाइट चालू. तेरा पॉइंट नऊ. बसा सगळे. साक्रीला चहा?

प्रमिलाबाई : चहाबिहा आता घरीच. आणि मेघा...

मेघा : काय माय?

प्रमिलाबाई : हळू चालाड, पोरी. नाना ऐकी राहिनात.